एनबीए आणि एनएचएल: ८२ सामन्यांच्या हंगामात एका सामन्याची किंमत किती?

टोरांटोकर:
बास्केटबॉलची एनबीए आणि बर्फावरच्या हॉकीची एनएचएल या उत्तर अमेरिकेतील दोन बड्या व्यावसायिक लीग ऑक्टोबर ते एप्रिल अशा एकाच काळात चालतात, टोरांटो, बोस्टन, शिकागो यांसारख्या शहरांत एकाच अरीनात आलटून पालटून खेळतात, आणि दोन्हींत प्रत्येक संघाच्या वाट्याला साखळीचे ८२ सामने येतात. पैशांची ददात दोघींनाही नाही. एनबीएने २०२४ मध्ये अकरा वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचे प्रक्षेपण करार केले, आणि एनएचएलचे कॅनडातील हक्क २०२६–२७ पासूनच्या बारा वर्षांसाठी ११ अब्ज कॅनेडियन डॉलरना गेले. असे असूनही जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी सामना लावून बसले की मैदानावरच्या माणसांनाच निकालाचे फारसे सोयरसुतक नाही, असे वाटत राहते.

नामवंत खेळाडूंना विश्रांतीच्या नावाखाली बाकावर बसवणे, जाणूनबुजून हरणे, दुखापती, सतत दुरून फेकले जाणारे चेंडू, हॉकीत शेवटच्या पाच मिनिटांत दोन्ही संघांनी हातपाय आखडून घेणे, या सगळ्यांची चर्चा वेगवेगळे आजार म्हणून होते. माझ्या मते त्यांतील बहुतेकांचे मूळ एक आहे: साखळीतल्या एका सामन्याला किंमत उरलेली नाही. एनबीएत ३० पैकी १६ संघ बाद फेरीत जातात आणि ‘प्ले-इन’ ही बाद फेरीपूर्वीची पात्रता फेरी धरली तर २० संघांना संधी मिळते. एनएचएलमध्ये ३२ पैकी १६ जातात. एवढ्यासाठी ८२ सामने कशाला?

माझा उपाय साधा आहे. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळावे. एनबीएत ५८ सामने होतील, एनएचएलमध्ये ६२. यात काय अडेल, ते जाणकारांनी सांगावे.

पेठेतला_पाहुणा:
पुण्यात पहाटे उठून हे सामने पाहणाऱ्यांच्या वतीने ५८ या आकड्याला अनुमोदन. आमच्या घरातील इतर मंडळींचे मत शून्य सामन्यांकडे झुकते, याचीही नोंद घ्यावी.

जर्सीवासी:
टोरांटोकर, निदान पटण्यासारखे आहे, पण औषधाचे बिल कोण भरणार? आज प्रत्येक संघाला घरचे ४१ सामने मिळतात. तुमच्या योजनेत एनबीएच्या संघाला २९ मिळतील, म्हणजे बारा रात्रींची तिकिटे, पार्किंग, खाणेपिणे आणि जाहिराती गेल्या. दोन्ही लीगमध्ये खेळाडूंचे पगार एकूण उत्पन्नाशी बांधलेले आहेत. एनएचएलमध्ये निम्मे उत्पन्न खेळाडूंचे, आणि एनबीएतही हिस्सा जवळपास निम्माच आहे. त्यामुळे उत्पन्न घटले की मालकांइतकीच झळ खेळाडूंनाही बसते. थकवा आणि दुखापतींबद्दल मुलाखतींतून बोलणारा खेळाडू पगारकपातीचा ठराव आला की हात वर करील, अशी अपेक्षा ठेवणे मला तरी धाडसाचे वाटते.

शिवाय एनबीएला दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांचा आधार आहे, तसा तो एनएचएलला नाही. तिथे दारावरच्या तिकिटांना अधिक महत्त्व आहे. म्हणूनच खेळाडूंबरोबरच्या नव्या करारानुसार एनएचएल २०२६–२७ पासून ८२ वरून ८४ सामन्यांवर जात आहे, आणि त्या बदल्यात हंगामापूर्वीचे सराव सामने कमी करत आहे. तुम्ही म्हणता त्याच्या नेमक्या उलट दिशेला.

मृण्मयी_के:
मी बोस्टनजवळ फिजिओथेरपी करते, त्यामुळे दुखापतींबद्दल थोडे लिहिते. टोरांटोच्या रॅप्टर्सने २०१८–१९ मध्ये कवाय लेनर्डला ८२ पैकी ६० सामन्यांतच खेळवले आणि त्या जूनमध्ये अजिंक्यपद जिंकले. त्यानंतर विश्रांती हे धोरणच होऊन बसले. लीगने २०२३ मध्ये नियम केला की किमान ६५ सामने खेळल्याशिवाय सर्वोत्तम खेळाडूसारख्या बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी नावाचा विचार होणार नाही. प्रेक्षकाच्या बाजूने तो रास्त आहे, कारण चार जणांच्या कुटुंबाने तिकिटे काढून जायचे आणि ज्याच्यासाठी गेलो तो साध्या कपड्यांत बाकावर बसलेला पाहायचा, हा अनुभव चांगला नाही. शरीराच्या बाजूने मात्र तो दुखऱ्या पायावर खेळण्याचे आमिष ठरू शकतो.

२०२५ च्या बाद फेरीत डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि टायरीस हॅलिबर्टन या तिघांच्या टाचेमागची अकिलिस कंडरा तुटली, आणि हॅलिबर्टनची तर अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात. सामन्यांची संख्या कमी असती तर हे टळले असते, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझा रोख संख्येपेक्षा प्रवासावर आहे. रात्री दहाला सामना संपतो, बर्फाच्या पिशव्या गुडघ्यांना बांधूनच खेळाडू विमानात चढतात, पहाटे दोन-तीनला दुसऱ्या शहरातील हॉटेलात पोहोचतात आणि त्याच संध्याकाळी पुन्हा उड्या मारतात. कंडरेला भार सोसतो, पण भारानंतर सावरायला वेळ मिळाला तरच.

महासाथीच्या काळात २०२०–२१ मध्ये एनबीएने ७२ आणि एनएचएलने ५६ सामने खेळवले, आणि प्रवास वाचावा म्हणून एकाच शहरात त्याच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन सामने ठेवले. त्या वर्षी हंगामांमधली सुट्टीच इतकी तोकडी होती की त्यावरून दुखापतींचा निष्कर्ष काढणे योग्य नाही, परंतु वेळापत्रकाची ती पद्धत टिकवायला हवी होती. सामना एकही कमी न करता उड्डाणे कमी होतात, म्हणजे जर्सीवासींचे हिशेबाचे वहीखातेही शाबूत राहते.

टोरांटोकर:
मृण्मयीताई, एकाच शहरातील जोडसामन्यांची सूचना मला मान्य आहे. ती ५८ सामन्यांसोबतही राबवता येईल. मात्र विश्रांती मिळालेला खेळाडू निरर्थक सामन्यात जीव तोडून खेळेलच, असे मला वाटत नाही.

गोदाकाठ:
दुरून फेकल्या जाणाऱ्या चेंडूंचे दुखणे सामन्यांच्या संख्येतून आलेले नाही, ते गणितातून आले आहे, एवढा भाग वेगळा काढावा अशी विनंती.

तीन गुणांची रेषा, जिच्याबाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात, एनबीएत १९७९–८० मध्ये आली. त्या हंगामात एक संघ एका सामन्यात सरासरी तीनही फेका त्या रेषेबाहेरून करत नव्हता. २०२४–२५ मध्ये ही सरासरी ३७ च्या वर गेली. कारण सरळ आहे. बाहेरून शंभर फेका केल्या आणि त्यांतील ३६ पडल्या तरी १०८ गुण होतात. मध्यम अंतरावरून शंभरातील ४२ पडल्या तर ८४ च. हा हिशेब एकदा प्रशिक्षकाला कळल्यावर मध्यम अंतरावरचा तो देखणा उडीफेक फटका कोण मारू देईल?

रेषा मागे सरकवा, असे सगळे म्हणतात. ती सरकवायची कुठे, ते मैदानाकडे बघून सांगावे. मैदानाची रुंदी ५० फूट आहे आणि बास्केट मधोमध, म्हणजे कडेपर्यंतचे अंतर २५ फूट. समोरून रेषा २३ फूट ९ इंचांवर आहे. तेच अंतर कोपऱ्यात ठेवले तर रेषा आणि मैदानाची कड यांच्यात सव्वा फूटच जागा उरते, आणि त्यात साडेसहा फुटी माणसाचा बूटही धड मावत नाही. म्हणून कोपऱ्यात रेषा २२ फुटांवर आणून तीन फुटांची पट्टी मोकळी ठेवली आहे. परिणाम असा की मैदानावरील सर्वांत जवळची तीन गुणांची जागा कोपऱ्यातच आहे आणि प्रत्येक संघाचा एक-एक माणूस दोन्ही कोपऱ्यांत खांबासारखा उभा असतो.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे रेषा २५ फुटांपलीकडे सरकवून कोपऱ्यातले तीन गुण रद्द करणे, म्हणजे कमान कडेला जाऊन भिडेल आणि तिथून मारलेला फटका दोन गुणांचाच राहील. दुसरा उपाय मैदान रुंद करणे, पण त्यासाठी कडेच्या खुर्च्यांची सर्वांत महागडी रांग काढावी लागेल. कोणता होण्याची शक्यता आहे, हे जर्सीवासींना विचारायची गरज नाही.

जर्सीवासी:
खरोखरच गरज नाही.

आजोबा_एडिसन:
नियम बदलून खेळ सुधारत नाही असे मानणाऱ्यांसाठी जुनी गोष्ट सांगतो. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला १९–१८ असे हरवले. हा पहिल्या सत्राचा नाही, पूर्ण सामन्याचा गुणफलक आहे. आघाडी मिळाली की चेंडू हातात धरून उभे राहायचे, अशी तेव्हाची रीत होती. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन, ज्यांचा मूळ धंदा बोलिंगचा होता, त्यांनी हिशेब मांडला की रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेका करतात. ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद भागिले १२०, म्हणजे २४. १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत फेक करायला लावणारे घड्याळ आले आणि आज त्याच्याशिवाय या खेळाची कल्पना करवत नाही.

हॉकीतही तेच घडले. २००४–०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला, त्या वर्षी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे अजिंक्यपद, कोणालाच दिला गेला नाही, आणि त्यानंतरच लीगने दोन रेषा ओलांडून पास देण्यावरची बंदी उठवली. तोवर मधल्या पट्ट्यात कोंडी करून सामना झोपवण्याचे तंत्र जोरात होते. आमच्या न्यू जर्सीच्या डेव्हिल्सनी १९९५ मध्ये त्याच तंत्राने कप जिंकला, तेव्हा त्याविषयी अधिक वाईट बोलणार नाही.

बाळासाहेब_एडमंटन:
हॉकीचा उल्लेख आल्याबद्दल आभार. शीर्षकात दोन लीग आहेत आणि चर्चा मात्र सारी टोपलीभोवती चालली आहे.

एनएचएलचा सर्वांत मोठा दोष गुणपद्धतीत आहे. १९९९–२००० पासून जादा वेळेत हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळतो. २००५–०६ पासून बरोबरी बंद झाली आणि शूटआउट आले. त्यामुळे साठ मिनिटांत निकाल लागलेला सामना दोन गुणांचा, आणि जादा वेळेत गेलेला सामना तीन गुणांचा होतो. २–२ असताना पाच मिनिटे उरली की दोन्ही प्रशिक्षकांना शहाणपणाची एकच गोष्ट दिसते: धोका पत्करायचा नाही, पक (हॉकीची रबरी चकती) आपल्या टोकाकडून बाहेर काढत राहायचा आणि प्रत्येकी एक गुण खिशात घालायचा. टोरांटोकरांनी ‘हातपाय आखडून घेणे’ म्हटले ते हेच, आणि त्याचा ८२ या आकड्याशी संबंध नाही. ६२ सामने ठेवलेत तरी ते तसेच चालेल.

उपाय तयार आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत निर्धारित वेळेतील विजयाला तीन, जादा वेळेतील विजयाला दोन, जादा वेळेतील पराभवाला एक आणि साध्या पराभवाला शून्य गुण देतात. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या हॉकी लीगनेही हीच पद्धत घेतली. यासाठी एक पैसा खर्च नाही.

दुसरे दुखणे आम्हा कॅनडावासीयांचे. १९९३ मध्ये मॉन्ट्रियलने जिंकल्यानंतर कॅनडातील एकाही संघाने कप उचललेला नाही. आमचे एडमंटन ऑइलर्स २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे फ्लोरिडाकडून अंतिम फेरीत हरले. पगारमर्यादा सर्व संघांना सारखी आणि अमेरिकन डॉलरमध्ये आहे, परंतु फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा या राज्यांत राज्याचा आयकर नाही आणि ओंटारियोत सर्वोच्च दर ५३ टक्क्यांच्या पुढे आहे. सारख्याच पगारात हाती पडणारी रक्कम वेगळी असेल तर खेळाडू कुठे जाईल? करांचा विचार करून पगारमर्यादा ठरवावी, असे माझे मत आहे.

सह्याद्री_वारा:
गुणपद्धतीबद्दल पूर्ण सहमत, करांबद्दल पूर्ण असहमत. फ्लोरिडा पँथर्सनी १९९६ नंतर बाद फेरीतील पुढची मालिका थेट २०२२ मध्ये जिंकली. मधल्या पाव शतकात फ्लोरिडात आयकर लागत होता काय? तेच ऊन, तेच समुद्रकिनारे आणि तोच शून्य कर असताना तो संघ वर्षानुवर्षे तळाशी होता. चांगले व्यवस्थापन आल्यावर संघ जिंकू लागला आणि हरणाऱ्यांना कर दिसू लागले.

खरी पळवाट वेगळी होती. दीर्घकाळ जखमी असलेल्या खेळाडूचा पगार मर्यादेच्या हिशेबातून बाजूला काढता येत असे आणि बाद फेरीत मर्यादाच लागू नव्हती. टॅम्पा बेचा निकिता कुचेरोव्ह २०२०–२१ च्या साखळीत एकही सामना खेळला नाही, बाद फेरीच्या पहिल्या दिवशी बरा होऊन उतरला, आणि मर्यादेपेक्षा सुमारे १८ दशलक्ष डॉलर महाग असलेल्या संघाने कप जिंकला. २०२५–२६ पासून बाद फेरीतही पगारमर्यादा लावली आहे. उशिरा का होईना, दार बंद झाले.

बाळासाहेब_एडमंटन:
व्यवस्थापन सुधारल्यावर कराचा फायदा उपयोगी पडतो, असे म्हटले तर चालेल काय? चांगला स्वयंपाकी आला म्हणून कोठारातील जास्तीचे धान्य बिनमहत्त्वाचे ठरत नाही.

रेडर_नंबर_सात:
हरणाऱ्याला गुण देण्यावरून आठवले. प्रो कबड्डीत अनेक हंगाम विजयाला पाच, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास एक गुण मिळत असे. तिथे त्या एका गुणासाठी हरणारा संघ शेवटच्या चढाईपर्यंत धडपडत असे, कारण तो गुण फरक कमी करण्याचे बक्षीस होता. हॉकीत तो वेळ काढण्याचे बक्षीस झाला आहे. सांत्वनपर गुण वाईट नसतो. तो कशासाठी देता, हे पाहिले पाहिजे.

शून्य_शिल्लक:
जाणूनबुजून हरण्याचा विषय मूळ लेखात एका शब्दात आटोपला आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर आहे. फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले, आणि ते ठरवून. तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आधी निवड मिळते, त्यामुळे हरणे ही गुंतवणूक ठरते. लीगने २०१९ पासून पहिल्या निवडी ठरवणाऱ्या सोडतीतील संधी बदलल्या. पूर्वी शेवटच्या संघाला पहिल्या क्रमांकाची २५ टक्के शक्यता होती, आता तळाच्या तिघांना प्रत्येकी १४ टक्के आहे. हरणे थांबले नाही, हरणाऱ्यांची संख्या वाढली.

डॅलसचे उदाहरण बोलके आहे. २०२३ मध्ये त्यांची ड्राफ्टमधली निवड पहिल्या दहांच्या बाहेर गेली तर जुन्या अदलाबदलीनुसार ती न्यूयॉर्ककडे जाणार होती. हंगामाच्या शेवटी, प्ले-इनची आशा अजून शिल्लक असताना, त्यांनी प्रमुख खेळाडू बसवून सामना घालवला. लीगने साडेसात लाख डॉलरचा दंड केला. निवड मात्र त्यांच्याकडेच राहिली. हा दंड झाला की खरेदीची किंमत? पुढे २०२५ मध्ये त्याच डॅलसला केवळ १.८ टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग हा त्या वर्षीचा सर्वांत नावाजलेला नवा खेळाडू मिळाला. म्हाडाच्या सोडतीत वर्षानुवर्षे अर्ज भरणाऱ्यांना त्यावर काय वाटले असेल, ते समजू शकते.

यावरही उपाय पीडब्ल्यूएचएलमध्ये आहे. संघ बाद फेरीच्या शर्यतीतून गणिताने बाहेर पडला की त्या क्षणापासून तो जे गुण मिळवेल, त्यांवर ड्राफ्टचा क्रम ठरतो. दुबळा संघ लवकर बाहेर पडतो, म्हणून त्याला गुण गोळा करायला जास्त सामने मिळतात. पण ते मिळवायला जिंकावे लागते. मार्च महिन्यात तळाच्या दोन संघांचा सामना पाहायला कारण निर्माण होते, आणि टोरांटोकरांना हवी असलेली एका सामन्याची किंमतही.

आजोबा_एडिसन:
योजना कागदावर सुरेख आहे. दोन शंका आहेत. पीडब्ल्यूएचएल सुरू झाली तेव्हा तीत सहाच संघ होते. तीस संघांच्या लीगमध्ये प्ले-इनमुळे अगदी सुमार संघही गणिताने मार्चअखेरपर्यंत जिवंत राहतो, मग गुण मिळवायला सामने उरतील किती? आणि दुसरे, जो खरोखरच दुबळा आहे त्याने शेवटी जिंकायचे कसे? हरणे त्याचा डाव नसून नाइलाज असेल, तर त्याला मदत पोहोचणारच नाही.

शून्य_शिल्लक:
आजोबा, दुसऱ्या शंकेला अनुभवाचे उत्तर आहे: पहिल्याच वर्षी न्यूयॉर्कचा संघ तळाशी राहिला आणि पहिली निवडही त्यालाच मिळाली. पहिली शंका मात्र रास्त आहे. प्ले-इन काढून टाका, किंवा मोजणी एक मार्चपासून सर्वांसाठी एकदम सुरू करा. मी पहिला पर्याय निवडीन, कारण आपल्या विभागात दहाव्या क्रमांकावर असलेल्या संघाला बाद फेरीचे दार किलकिले ठेवणे हेच मुळात साखळीचे अवमूल्यन आहे.

वाचनवेडी:
या सर्व चर्चेत सट्ट्याचा उल्लेख कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये राज्यांना क्रीडासट्टा खुला करण्याची मुभा दिली आणि ओंटारियोत एप्रिल २०२२ पासून खासगी ऑनलाइन कंपन्या आल्या. आता सामन्याच्या मध्यंतरात तज्ज्ञ बचावाबद्दल बोलण्याऐवजी कोण किती रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) घेईल यावरचे भाव सांगतात. आमची दहा वर्षांची मुलगी गुणफलकाशेजारचा भाव वाचून विचारते की हा आकडा कोणत्या खेळाडूचा आहे.

टोरांटोच्याच जॉन्टे पोर्टरला एनबीएने एप्रिल २०२४ मध्ये तहहयात बंदी घातली. त्याने आपल्या प्रकृतीची माहिती सटोडियांना दिली, आणि आजारपणाचे कारण देऊन सामना अर्धवट सोडला, जेणेकरून त्याच्या नावावर ‘कमी’ कामगिरीची पैज लावणाऱ्यांचा फायदा व्हावा. हे शक्य झाले ते एका खेळाडूच्या एका आकड्यावर पैज घेतली जात होती म्हणून. संघाचा निकाल फिरवायला अनेकांची संगनमत लागते. आपल्याच रिबाउंडची संख्या कमी ठेवायला एकट्याची तयारी पुरते. त्यानंतर तात्पुरत्या करारावरील खेळाडूंच्या बाबतीत अशा ‘कमी’ बाजूच्या पैजा बंद झाल्या. माझ्या मते वैयक्तिक आकड्यांवरच्या पैजा सरसकट बंद व्हाव्यात. आणि इथे मूळ विषयाशी नाते आहे: ज्या सामन्याच्या निकालाने कोणाचे काही बिघडत नाही, त्याच सामन्यात खेळाडू चार मिनिटांनी पोट धरून बाहेर गेला तर कोणी विचारत नाही.

मृण्मयी_के:
वाचनवेडींचा शेवटचा मुद्दा मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. खेळाडूंच्या दुखापतींची माहिती हा आता बाजारातील माल झाला आहे, आणि आमच्या व्यवसायातील माणसांवरही त्याचा दबाव येणार.

हॉकीबाबत एक भर घालते. मारामारीसाठी ओळखला जाणारा डेरेक बूगार्ड २०११ मध्ये अवघ्या २८ व्या वर्षी गेला आणि तपासणीत त्याच्या मेंदूला वारंवार बसलेल्या धक्क्यांचा आजार आढळला. माजी खेळाडूंच्या दाव्यात एनएचएलने २०१८ मध्ये सुमारे १९ दशलक्ष डॉलरवर तडजोड केली, पण जबाबदारी मान्य केली नाही. मारामाऱ्या पूर्वीपेक्षा पुष्कळ घटल्या आहेत. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्ट्रियलला कॅनडा-अमेरिका सामन्याच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या आणि प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मारामारी करणाऱ्याला पाच मिनिटांऐवजी उरलेल्या सामन्यापुरते बाहेर काढावे. बाकी बहुतेक खेळांत हेच होते.

बाळासाहेब_एडमंटन:
मृण्मयीताई, त्या नऊ सेकंदांत आमच्या घरात चहा सांडला, एवढेच सांगतो. नियम मात्र तुम्ही म्हणता तसा व्हायला माझी हरकत नाही.

तिन्हीसांज:
पुढचा प्रेक्षक कुठून येणार, याचाही विचार व्हावा. बास्केटबॉलला चेंडू आणि शाळेच्या अंगणातील कडी पुरते. हॉकीत मुलाचे पाऊल वाढले की स्केट्स बदलायचे, शिरस्त्राण, खांद्याचे कवच, हातमोजे, काठी वेगळी, आणि बर्फाच्या तासाचे भाडे वेगळे. संघ भरलेले असल्यामुळे सरावाला मिळणारी वेळ सकाळी सहाची. उणे वीस तापमानात गाडी तापवायची, आणि थंडगार खोलीत गुडघ्यावर बसून, बोटे बधिर झालेली असताना मुलाच्या स्केट्सच्या नाड्या ओढून बांधायच्या. मूल गोलरक्षक व्हायचे म्हणाले तर आईवडील एकमेकांकडे बघतात. ज्यांना हे परवडत नाही त्यांची मुले बास्केटबॉलकडे जातात, आणि स्थलांतरितांत असे बरेच असतात. लीगने अब्जावधींच्या कराराचा लहानसा वाटा सार्वजनिक रिंक आणि उसन्या साहित्यावर खर्च केला तर तो दानधर्म ठरणार नाही, स्वतःच्याच भविष्यातली गुंतवणूक ठरेल.

पंजाबी मंडळींनी हे ओळखले आहे. कॅनडात २००८ पासून हॉकीचे पंजाबीत समालोचन होते आणि आजीआजोबाही नातवंडांबरोबर सामना पाहतात.

पेठेतला_पाहुणा:
मराठीत समालोचन सुरू झाल्यास पहिल्या सत्रात पंचांच्या चुका, दुसऱ्यात प्रशिक्षकाच्या चुका आणि तिसऱ्यात समालोचकांचे आपसांतील मतभेद ऐकायला मिळतील. गोल झाल्याचे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळेल.

वरळीचा_वारा:
ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना या एनबीए संघांचे दोन सामने झाले, त्यांतील पहिला पाहायला गेलो होतो. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. सामना हंगामापूर्वीचा, म्हणजे गुणतालिकेत त्याचे मोल शून्य. तरी तो जादा वेळेत जाऊन १३२–१३१ असा संपला आणि शाळकरी मुलांनी छत डोक्यावर घेतले. त्यामुळे किंमत केवळ तालिकेने ठरते, या टोरांटोकरांच्या गृहीतकाबद्दल मला शंका आहे. दुर्मीळपणाचाही त्यात वाटा असतो.

टोरांटोकर:
वरळीकर, दुर्मीळपणा म्हणजेच तर कमी सामने. तुमचा अनुभव माझ्याच पारड्यात पडतो.

सर्वांचे प्रतिसाद वाचल्यावर माझा आग्रह ५८ वर कायम आहे, पण क्रम बदलावा असे वाटते. हॉकीतील तीन-दोन-एक-शून्य गुणपद्धती आणि बाद ठरल्यानंतरच्या विजयांवर ठरणारा ड्राफ्टचा क्रम, या दोन गोष्टींना खर्च नाही आणि प्रक्षेपण करारही आड येत नाहीत. त्या आधी कराव्यात. एकाच शहरातील जोडसामने त्यांच्यासोबत. कोपऱ्यातील रेषेबाबत गोदाकाठ यांचा पहिला पर्याय एखाद्या दुय्यम लीगमध्ये वर्षभर करून पाहावा. मारामारीसाठी हकालपट्टी आणि वैयक्तिक पैजांवर बंदी यांवर इथे कोणाचा आक्षेप दिसला नाही. सामन्यांची संख्या हा मात्र वाटाघाटींचा विषय आहे, आणि तिथे जर्सीवासींच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. एनबीएच्या आयुक्तांनी २०२५ मध्ये बारा मिनिटांऐवजी दहा मिनिटांच्या सत्रांचा विचार बोलून दाखवला होता; सामने तेवढेच आणि खेळ सहाव्या हिश्श्याने कमी. मला तो पर्याय पटत नाही, कारण त्याने थकवा घटेल, पण किंमत वाढणार नाही.

जर्सीवासी:
प्रश्न मी विचारला होता, तर उत्तराची एक वाटही सुचवतो. नव्या संघाला लीगमध्ये घेताना त्याच्याकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. व्हेगासने एनएचएलला ५० कोटी डॉलर दिले होते, सिएटलने ६५ कोटी. ही रक्कम मालक आपसांत वाटून घेतात; खेळाडूंच्या हिश्श्याच्या हिशेबात ती धरली जात नाही. एनबीएत सिएटल आणि लास व्हेगास या दोन शहरांचा विचार चालू आहे, आणि संघांच्या आजच्या किमती पाहता शुल्क अब्जांत असेल. मालकांना सामने कमी करण्याची भरपाई द्यायची असेल तर ती याच पैशांतून होऊ शकते, आणि खेळाडूंना द्यायची असेल तर शुल्काचा काही भाग त्यांच्या हिश्श्यात धरावा लागेल.

वेळही जुळते. एनएचएलचा खेळाडूंबरोबरचा नवा करार २०३० च्या सप्टेंबरपर्यंत आहे आणि एनबीएचा २०२९–३० च्या हंगामापर्यंत. दोन्ही खेळाडू संघटना एकाच सुमारास टेबलावर बसतील. एवढेच की तोवर एनबीएत ३२ संघ झालेले असतील, तर टोरांटोकर, तुमच्या सूत्राने आकडा ५८ राहत नाही, ६२ होतो. तेव्हा आणखी दोन घरच्या सामन्यांचे तिकीटही मालकांना मिळते. वाटाघाटीची सुरुवात तिथून करा.